उकंडा, मुक्काम हद्दीबाहेर

मौजे खैरजवळा हे गाव हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या सडकेवर असून गावातून दिवसातून दोन वेळा मोटार जाते, एवढी नोंद सरकारात होती. ती कशी जाते याची नोंद कुठेच नव्हती. ती बघायला गावात उतरावं लागलं असतं, आणि मोटार खैरजवळ्यात थांबत नव्हती.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल लढाईवर गेलेलं, म्हणून मोटारीच्या पाठीला एक लोखंडी भट्टी जोडलेली होती. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या धुरावर मोटार हाकायची. सपाटीला ती शहाण्यासारखी चाले, चढ दिसला की दम टाकी. खैरजवळ्याचं शेवटचं घर मागे पडलं की लगेच चढ. डायवरचं गणित सरळ होतं. गावातून जोरात काढली, तर त्याच जोरावर मोटार चढ चढते. हळू काढली, तर निम्म्यात थांबते आणि पाशिंजरांना उतरून ढकलावी लागते. पाशिंजरांना उतरणं आवडत नव्हतं. एका बाजूला वीस धोतरांचे सोगे आणि दुसऱ्या बाजूला एक गाव, असा हा प्रश्न होता. तो रोज दोनदा सुटत होता.

चढाच्या पायथ्याचं ते शेवटचं घर सोनाजीचं. दार, दारापुढे ओटा, ओटा संपला की सडक, सडकेपलीकडे आड. दोन वर्षांत त्या दारापुढून मोटारीने सात कोंबड्या, एक बोकड आणि पाटलांचं कुत्रं नेलं. कोंबड्यांच्या वेळी गाव हळहळलं. कुत्र्याच्या वेळी पाटील चार दिवस रागात होते. पाचव्या दिवशी त्यांनी दुसरं कुत्रं आणलं आणि प्रकरण मिटलं.

मग सोनाजीचा उकंडा चालायला लागला.

सोनाजीची बायको गोजरबाई. तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरं झालं तेव्हा सासू धुरपताबाईने रीत केली. बारा दिवसांच्या बाळाला सुपात घालून घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे शेणकचऱ्याच्या ढिगावर ठेवलं आणि पाठ फिरवली. शेजारच्या शकुबाईने सूप उचललं, दारात आली आणि म्हणाली, "उकंड्यावर सापडलं गं बाई, घेतीस का?" गोजरबाईने पदर पसरून परक्याचं घ्यावं तसं आपलंच बाळ घेतलं. लोकांनी टाकून दिलेल्या मालावर यमाची नजर जात नाही, असा तिकडचा समज. नाव ठेवलं उकंडा. यम फसला. लेकरू जगलं, बाळसं धरलं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीचा हात सोडून तीन पावलं चाललं.

त्याच्या पायात घुंगरांचे वाळे होते. ज्वारी निवडताना वर न बघता गोजरबाईला त्यावरून कळायचं की स्वारी कुठवर गेली. चुलीपाशी वाळे रेंगाळत. उंबऱ्यावर एकदा थांबत, कारण तिथे बसून पाय आधी पलीकडे टाकावे लागत. ओट्यावर मात्र भरभर वाजत. नव्याने चालणाऱ्या लेकराला जगात एकच दिशा ठाऊक असते, ती म्हणजे दाराबाहेर.

"यमाला नावानं चकवलं, आत्याबाई," एक दिवस पोराला ओट्याच्या काठावरून ओढून आणत गोजरबाई म्हणाली. "ह्या मोटारीला काय नाव सांगू?"

"मोटारीला काय कळतंय, पोरी," धुरपताबाई म्हणाली. "पाटलाला सांग. त्याला बी कळत न्हाई, पर त्याला कुनाला सांगायचं ते ठाव असतं."

किसनराव पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला. "सूनबाई, सरकारला नुसते हात जोडून भागत न्हाई. अर्ज लागतो. उर्दूत लागतो."

सोनाजी कापूस घेऊन हिंगोलीला निघाला तेव्हा गोजरबाई लेकरासकट गाडीत बसली. कचेरीपुढच्या लिंबाखाली अर्ज लिहिणारे मुन्शीजी बसत. त्यांनी बोरू दौतीत बुडवला आणि विचारलं, "मोटारीची हल्लीची रफ्तार किती?"

"लई हाय," सोनाजी म्हणाला.

"लई हे माप सरकारात नाही. दर घंटा मैल सांगा."

सोनाजी बायकोकडे बघू लागला. गोजरबाई गाडीतूनच म्हणाली, "भोंगा ऐकू आला की म्या चुलीपासून उठते. उंबऱ्यावर पाय पडतो तवर मोटार दारात. ओट्याच्या काठाला जाऊन लेकरू धरते तवर नुसता धुरळा."

"चूल ते उंबरा किती?"

"सात पावलं."

मुन्शीजींनी सात कदम लिहिलं. "आणि रफ्तार पाहिजे किती?"

"म्या पोचंन इतकी."

"असं लिहिता येत नाही, बाई. उद्या तुमचा पाय मुरगळला, तर मोटारीने काय करावं?"

शेवटी ठरलं, बैलगाडीइतकी. त्यावर गाडी भरलेली की रिकामी, असा मुद्दा निघाला. सोनाजीने उदार मनाने रिकामी सांगितली. बाकी मजकूर गोजरबाईने सांगितला. गावाच्या हद्दीत मोटारीची चाल कमी करा. आमचा उकंडा सडकेवर येतो. त्याच्या जिवाला धोका हाय. आमाला तेवढा एकच हाय.

मुन्शीजी जुन्या वळणाचे होते. उर्दू मजकुरात मराठी शब्द तसाच ठेवणं त्यांना दुधात खडा टाकण्यासारखं वाटे. उकंड्याला उर्दूत घूरा म्हणतात. तेव्हा अर्ज तयार झाला तो असा, की फिदवीच्या, म्हणजे अर्जदाराच्या, घरासमोर सडकेवर घूरा येतो, मोटारीच्या रफ्तारीपासून घुऱ्याच्या जिवाला धोका आहे, आणि फिदवीला हा घूरा एकुलता एक आहे. सबब हद्द कम करण्याचा हुकूम व्हावा. लिहायचं होतं 'हद्दीत रफ्तार कम', पण ते शब्द ओळीच्या शेवटी आले, तिथे कागद संपला आणि नुसती हद्दच उरली.

मुन्शीजींनी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. नवराबायकोंनी तो देवळात उभं राहावं तसा ऐकला. गोजरबाई कान देऊन लेकराचं नाव शोधत होती. ते काही आलं नाही.

"आमच्या उकंड्याचं नाव आलं न्हवं त्यात?"

"आलं ना," मुन्शीजी म्हणाले. "अदबीनं आलं."

सोनाजीने अंगठा दिला, त्याखाली गोजरबाईने दिला.

अर्ज मोटारींच्या दफ्तरात गेला. तिथल्या कारकुनाने घूरा हा शब्द वाचला आणि घूरा हे वाहन नसल्याने अर्ज सडकांच्या दफ्तराकडे लावून दिला. सडकवाल्यांनी घूरा हा दगड किंवा मुरूम नसल्याचं कळवून तो सफाईच्या दफ्तराकडे पाठवला. या तीन टेबलांमधलं अंतर एकूण बावीस हात होतं. अर्जाला ते कापायला चार महिने लागले. सरकारी मुलखात कमी रफ्तारीची सोय आधीपासून होतीच, ती फक्त मोटारीला लागू नव्हती. तेवढ्यात उकंडा पळायला शिकला.

होळीच्या सुमारास सफाईचे दारोगा तहकिकातीला आले. आले ते त्याच मोटारीने. मोटार गावात थांबत नसल्यामुळे ती त्यांना घेऊन चढावर गेली आणि तिथून ते पाऊण मैल उलटे चालत आले. या चालीत मोटारीच्या वेगाबद्दल त्यांचं स्वतःचं मत तयार झालं होतं. चढावर उतरावं न लागणं ही फार सुखाची गोष्ट आहे, असं ते मत होतं.

"हां मायी," ओट्यावर टेकत त्यांनी विचारलं, "घूरा किधर है?"

"साहेब इचारून राहिले, उकंडा कुठाय?" पाटलांनी अर्थ सांगितला.

गोजरबाईचा जीव भांड्यात पडला. हिंगोलीहून एवढा मोठा माणूस आला आणि आल्या आल्या त्याने तिच्या लेकराचंच नाव घेतलं. तिने घाईघाईने उकंड्याचं नाक पुसलं, गालाला तीट लावली, ठेवणीतली कुंची घातली आणि त्याला बाहेर आणून उभं केलं.

"ह्यो बघा, साहेब. उकंडा."

दारोगांनी पोराकडे बघितलं. मग पोराच्या मागे बघितलं. "घूरा?"

"व्हय, ह्योच."

"ये?"

"दुसरा न्हाई, साहेब. दोन व्हते, गेले."

दारोगांची नोकरी बावीस वर्षांची झाली होती. एवढ्या वर्षांत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. मिसलीत, म्हणजे प्रकरणाच्या कागदपत्रांत, जे लिहिलेलं असतं ते जागेवर सापडतंच. सापडलेलं वेगळं दिसलं, तर ती जागेची चूक. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि पंचनामा लिहायला घेतला. घूरा मौजूद आढळला, एक नग. उंची दोन फूट, वय दीड वर्ष, रंग सावळा. सदर घूरा एका जागी राहत नाही. पाहणीच्या वेळी तो एकदा चुलीपाशी, दोनदा अर्जदाराच्या कडेवर आणि एकदा सरकारी मांडीवर आढळला.

एवढ्यात सरकारी मांडी भिजली. दारोगांनी ओलाव्याच्या रकान्यात 'आहे' असं लिहिलं.

"अगं बया!" गोजरबाईने पोराला ओढून घेतलं. धुरपताबाई तोंडाला पदर लावून आत पळाली.

मग दारोगांनी कायदा समजावून सांगितला. सफाईचा कायदा म्हणतो, घूरा गावाच्या हद्दीबाहेर असला पाहिजे. म्हणजे जिथे घूरा आहे तिथे गावाची हद्द संपली. मोटारीचा कायदा म्हणतो, गावाच्या हद्दीत हळू जा. हद्द संपली की रफ्तारीला बंधन नाही. सबब घूरा ज्या ज्या जागी उभा असेल, त्या त्या जागी मोटारीने पाहिजे तेवढ्या जोरात जायला हरकत नाही.

"कायदा बराबर हाय," पाटील मान डोलवत म्हणाले.

गोजरबाईने ते मनात दोनदा फिरवून पाहिलं. "म्हंजे जिथं माझं लेकरू, तिथं गाव न्हाई?"

"कायद्यानं न्हाई, सूनबाई."

"आन् त्याच्या मागं मागं म्या असते. म्या कुठं ऱ्हाते मग?"

पाटलांनी दारोगांना विचारलं. दारोगांनी पुस्तक चाळलं. आईचं कलम त्यात नव्हतं.

पावसाळ्यात हुकूम आला. पाटलांनी तो पारावर वाचून घेतला. सरकारने रयतेची तकलीफ ध्यानात घेऊन अर्ज मंजूर केला होता. मागणी हद्द कमी करण्याची होती, तेव्हा मौजे खैरजवळ्याची हद्द कमी करण्यात आली होती. ती यापुढे सोनाजीच्या घराच्या मागच्या भिंतीपाशी संपेल. आता सडक गावात राहिलेली नसल्याने गावात मोटारीची रफ्तार शून्य झाली आहे. ही रिकाम्या बैलगाडीपेक्षाही कमी असून अर्जदाराने मागितलं त्याहून जास्त सरकारने दिलं आहे. मात्र फिरता घूरा ताबडतोब एका जागी बांधून ठेवावा. तसं न केल्यास हद्द रोज सरकेल आणि नकाशे खराब होतील.

पाटलांनी सोनाजीच्या पाठीवर थाप मारली. "शंभर गावांचे अर्ज धूळ खात पडलेत. तुझा मंजूर झाला, लेका!"

दोन माणसं आली आणि चुना लावलेला दगड घरामागे, अगदी त्या जुन्या उकंड्याच्या शेजारी रोवून गेली. सोनाजीचं घर, ओटा, आड आणि उकंडा गावाबाहेर पडले. संध्याकाळची मोटार नेहमीसारखी आली. फरक एवढाच की आता ती कायद्याने आली. डायवरने हुकूम ऐकला होता, म्हणून त्याने भोंगाही वाजवला नाही. गावाबाहेर भोंगा कशाला?

त्या दिवशी गोजरबाईला चुलीपासून उठायची खूणच मिळाली नाही. वाळे ओट्यावर भरभर वाजले आणि एकदम थांबले. ती कशी पोचली ते तिला कळलं नाही. काठावर पालथा पडलेला उकंडा तिच्या हाताला लागला तेव्हा त्याच्या एका पायातला वाळा नव्हता. तो सडकेवर होता, पत्र्यासारखा चपटा. उकंडा तो बघून हसला आणि घ्यायला पुन्हा निघाला.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला न विचारता कचेरीत गेली. कडेवर पोरगं, मुठीत चपटा वाळा. तिथल्या पेशकाराने, म्हणजे मिसली सांभाळणाऱ्या कारकुनाने, सगळं ऐकलं. दहा महिन्यांत प्रथमच कुणाला तरी ते समजलं.

"अहो बाई, ही तर सरळ चूक आहे," तो म्हणाला. "घूरा म्हणजे हा मुलगा! दुरुस्त करता येईल."

"करा की, भाऊ. देव तुमचं भलं करील."

"काही अवघड नाही. आधी मिसलीतून घूरा कमी करावा लागेल, म्हणजे ही बंद होईल. मग नवीन अर्ज द्या, दुसऱ्या नावानं." त्याने कागद पुढे केला. "इथं अंगठा करा. उकंडा आता राहिला नाही, एवढंच लिहिलंय."

गोजरबाईने कागदाकडे बघितलं. "राहिला न्हाई म्हंजे?"

"म्हणजे कागदावर. कागदावरच हो! घरी नेऊन खुशाल खेळवा."

शाईची डबी उघडी होती. उकंडा तिच्यात बोट घालायला बघत होता. गोजरबाईने त्याचं बोट धरलं आणि स्वतःचा अंगठा पदरात गुंडाळला.

"दोन डाव म्हणलं म्या ते तोंडानं, भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणावंच लागलं. ह्या तिसऱ्याला जित्तेपणी काहून म्हणू? तुमचा कागद तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

पेशकाराने मिसलीवर शेरा मारला की अर्जदाराला चुकीची दुरुस्ती मान्य नाही.

घरी येऊन गोजरबाईने हुकमाचं शेवटचं कलम पाळायला घेतलं. तिने आपलं मऊ झालेलं लुगडं फाडलं, त्याच्या तीन पट्ट्या काढल्या, वेणी घालावी तशी त्यांची दोरी वळली. कमरेला काचू नये म्हणून तिथे जुन्या चोळीचा तुकडा लावला. दुसरं टोक ओट्याच्या मेढीला. लांबी तिने तीनदा मोजली. लेकराला काठाशी बसून सडक दिसली पाहिजे, आणि पाय खाली पोचता कामा नये.

पहिल्या दिवशी उकंडा दोरी ताणून ताणून रडला. दुसऱ्या दिवशी दोरीच तोंडात घालून बसला. आठवड्याने तो आपण होऊन तेवढ्याच पावलांवर थांबू लागला. एक वाळा वाजायचा, थांबायचा, मागे फिरायचा. एकुणात त्या मुलखात रफ्तारीची एक हद्द ठरली आणि ती पूर्णपणे पाळलीही गेली. ती मोटारीची नव्हती, एवढंच.

लढाई संपली. पेट्रोल आलं, मोटारीच्या पाठीची भट्टी गेली. आता चढासाठी जोर घ्यायची गरज उरली नाही. पण डायवरच्या पायाला सवय होती आणि पाशिंजरांना घाई होती. सन अठ्ठेचाळीसमध्ये राज्यही बदललं, आणि त्या थंडीत जुन्या मिसली तपासत एक नवे अंमलदार जीपने खैरजवळ्याला आले. ते मराठी बोलणारे होते. त्यांच्या हातात उर्दू मिसलीचं ताजं मराठी भाषांतर होतं.

"इथे एक फिरता उकिरडा आहे म्हणे?" त्यांनी विचारलं.

पाच वर्षांचा एक पोरगा पुढे झाला. "म्या उकंडा."

अंमलदार आधी चक्रावले, मग पोट धरून हसले. त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, जुन्या राजवटीच्या कारभाराबद्दल दोन कडक वाक्यं बोलले, आणि तेवढ्यात लांबून मोटारीचा आवाज आला. उकंडा टुणकन उडी मारून ओट्यावर चढला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. अंमलदारांनी ते कौतुकाने पाहिलं आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे लिहिलं, की प्रत्यक्ष पाहणी केली. तक्रारीचे कारण आता वाढून मोठे झाले असून मोटार आल्यास स्वतः बाजूला होते. सबब मिसल बंद.

"झालं, बाई. तुमचं काम मिटलं."

"आन् हिचं, साहेब?" गोजरबाईने मेढीकडे बोट केलं. तिथे त्याच दोरीला उकंड्याची धाकटी बहीण बांधलेली होती, वर्षाची. ओट्याच्या काठाला दोन्ही हात टेकून ती सडकेकडे बघत उभी होती. एका पायात उकंड्याचा उरलेला वाळा होता.

"त्यासाठी नवीन अर्ज करा. आता मराठीत चालतो." अंमलदारांनी लेखणी काढली. "मुलीचं नाव?"

गोजरबाईने मेढीची गाठ चाचपून पाहिली. "जे ल्ह्याल त्ये ल्ह्या, साहेब," ती म्हणाली. "फकस्त त्याचा अर्थ काढू नका."

आणि मोटार आली.

तिच्यात तुम्ही होतात. डाव्या अंगाच्या बाकावर, खिडकीशी. मेढीला बांधलेलं लेकरू तुम्हाला दिसलं. एवढ्या वेगातसुद्धा दिसलं, कारण तुम्ही मनाने हळवे आहात. "जनावर बांधावं तसं बांधलंय हो! कशा एकेक आया असतात खेड्यातल्या," असं तुम्ही शेजारच्या पाशिंजराला म्हणालात, आणि चढ लागला तसे जरा पुढे वाकून डायवरला म्हणालात, "हाणा की थोडी. चहाच्या वेळेला पोचलं पाहिजे."